व्हालेर येथील ऑर्गनचा काल

स्वित्झर्लंडांतील सिओं शहरीं, व्हालेर टेकडीवरील चर्चच्या पश्चिम भिंतीस पाकोळीच्या घरट्यासारखें चिकटलेलें एक ऑर्गन-वाद्य आहे. आजहि वाजणाऱ्या अशा वाद्यांत तें जगांतील अत्यंत जुन्यांपैकीं होय. त्याचा काल पूर्वीं इ. स. १३९० च्या सुमाराचा मानीत. आतां तो १४३५ च्या आसपास धरतात. दारांवरील चित्रें फ्रिबूर्गचा चितारी पीटर माग्गेनबेर्ग ह्याचीं मानितात व तींहि त्याच सुमाराचीं ठरतात. परंतु एवढ्यानें सबंध वाद्याचा काल ठरला असें नव्हे. पुठ्ठ्यावरून पोथीचा काल ठरविणारे आपल्याकडेहि थोडे नाहींत! भात्यांतील हवा पेटींत कोंडावी, पट्टी दाबतांच झडप उघडून ती नळींत शिरावी व नळी बासरीसारखी बोलावी, अशी ही रचना. तिचा प्रत्येक भाग निराळा काढतां व बदलतां येतो. १६८७ च्या सुमारास ख्रिस्टोफर एबी ह्यानें वाद्याची मोठी फेरबांधणी करून नव्या नळ्या घातल्या. पोथींत मूळ हस्ताशेजारीं दुसरा हस्त यावा, तसेंच हें. म्हणून १४३५ हा आंकडा पेटीस व जुन्या नळ्यांसच लावावा, असें आमचें मत आहे. १९५४ सालीं जीर्णोद्धार झाला, तेव्हां त्या जुन्या नळ्या राखण्यांत आल्या.