फेराराचा ड्यूक आणि पडद्यामागील पत्नी

रॉबर्ट ब्राउनिंग या आंग्ल कवीचें 'माय लास्ट डचेस' हें काव्य १८४२ सालीं प्रसिद्ध झालें. अवघ्या ५६ ओळी. बोलणारा एकच, इटलींतील फेरारा नगरीचा ड्यूक. ऐकणारा एका काउंटचा दूत; ड्यूकच्या नव्या विवाहाची बोलणी करावयास तो आलेला आहे. या दूताच्या तोंडीं कवीनें एकही वाक्य घातलेलें नाहीं. सत्तेचें पहिलें लक्षण येथेंच दिसतें.

भिंतीवर मृत पत्नीचें चित्र आहे, त्यावर पडदा आहे, आणि तो पडदा ड्यूकवांचून कोणीं सारावयाचा नाहीं. जिवंतपणीं मात्र तिचें हसणें त्याच्या आज्ञेंत राहिलें नाहीं. सूर्यास्त, चेरीची डहाळी, पांढरें खेचर, कशानेंही ती आनंदून जाई. आणि ९०० वर्षांच्या घराण्याचें नांव तिला यांहून मोठें वाटेना, एवढाच तिचा अपराध! तिला समजावून कां सांगितलें नाहीं? तर समजावणें म्हणजे वांकणें, आणि वांकणें या गृहस्थाला मान्य नाहीं. त्यानें आज्ञा दिली व तें हसणें थांबलें.

आज्ञा कोणती? वर्गांत हें काव्य वाचून दाखविलें कीं मुलें हाच प्रश्न हटकून विचारीत. कवीला उतारवयांत तोच प्रश्न विचारला गेला, तेव्हां ठार मारण्याची, किंवा कदाचित् मठांत कोंडण्याची, असें उत्तर त्यानें दिल्याची नोंद आहे. ज्याला आपली आज्ञा स्पष्ट करून सांगण्याचीही गरज वाटत नाहीं, त्याची सत्ता केवढी असावी!

अभ्यासक या ड्यूकला दुसरा आल्फोन्सो द'एस्ते मानतात. १८५८ नव्हे, त्याच्याही तीनशें वर्षें आधीं, १५५८ सालीं, फ्लॉरेन्सच्या कोसिमो मेदिचीची कन्या लुक्रेत्सिया हिच्याशीं त्याचा विवाह झाला. वधू १३ वर्षांची. वर लगेच फ्रान्सला निघून गेला. ती फेराराला आली १५६० सालीं आणि १५६१ च्या एप्रिलांत, १६ व्या वर्षीं, वारली. विषप्रयोगाची आवई त्या काळीं उठली होती; आजचे इतिहासकार मृत्यूचें कारण बहुधा क्षय समजतात. तेव्हां खुनाच्या आरोपांतून आल्फोन्सोला सोडणेंच न्यायाचें. काव्य हा पुरावा नव्हे.

परंतु ब्राउनिंगचा खरा रोख विषावर नसून मालकीवर आहे, असें मला वाटतें. प्रथम प्रसिद्धीच्या वेळीं या काव्याचें शीर्षक नुसतें 'इटली' असें होतें. लंडनच्या वाचकानें तें परमुलखाचें वर्णन म्हणून खुशाल वाचावें. पण त्याच इंग्लंडांत १८४२ सालीं विवाहितेची जंगम मालमत्ता कायद्यानेंच पतीची होई. १८७० व १८८२ च्या कायद्यांनीं ही स्थिति पालटली. काव्यांतला ड्यूकही हुंड्याची गोष्ट गोड शब्दांत काढतो, आणि लगोलग समुद्राश्वाला वठणीवर आणणाऱ्या नेपच्यूनची ब्रॉंझ मूर्ति पाहुण्याला दाखवितो.

खऱ्या आल्फोन्सोनें १५६५ त ऑस्ट्रियाची बार्बारा व १५७९ त मार्गेरिता गोन्झागा यांच्याशीं विवाह केले. तिघींपैकीं कोणापासूनही त्याला अपत्य झालें नाहीं. १५९७ सालीं तो वारला. पोप आठवा क्लेमेंट यानें त्याच्या चुलतभावाचा वारसा नाकारला, आणि १५९८ त एस्ते घराण्याला फेरारा सोडून मोदेनाला जावें लागलें.