कोणी आहे का घरात?

खोलीत माणूस आहे की नाही हे ओळखायला कुठला सेन्सर घ्यावा? होम ऑटोमेशनचा नाद लागलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच. बहुतेक जण स्वस्तातला पीआयआर घेतात आणि आठवडाभरात वैतागतात. तुम्ही सोफ्यावर शांतपणे वाचताय आणि दिवा बंद! मग हलवा हात. (ऑफिसच्या टॉयलेटमध्ये ही कवायत तुम्हीही केली असेलच.)

आता यात पीआयआर बिचाऱ्याचा दोष नाही. त्याच्या आत उष्णता टिपणारे दोन तुकडे शेजारीशेजारी असतात आणि तो फक्त त्या दोघांतला फरक बघतो. माणूस इकडून तिकडे गेला की फरक पडतो, निवांत बसला की संपलं. म्हणजे आपण विचारतो "कोणी आहे का?" आणि तो उत्तर देतो "काही हललं का?" या प्रश्नाचं. त्यात मराठवाड्यातला मे महिना असेल तर खोलीच अंगाइतकी तापते, मग चालता माणूससुद्धा त्याला धड दिसत नाही.

मराठवाडा उगाच नाही आठवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात आणि शेजारच्या लातूरमध्ये हाच प्रश्न हजारो लोक मातीच्या ढिगाऱ्यांवर उभं राहून ओरडून विचारत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून गाव गाढ झोपलेलं. आपण त्या भूकंपाला किल्लारीचं नाव दिलं, पण धाराशिवच्या बाजूचं सास्तूरही तसंच जमीनदोस्त झालं. मोजदाद कुठली धरता त्यावर आहे, पण आठ ते दहा हजार माणसं गेली.

६.२ रिश्टर हा काही महाभयंकर आकडा नव्हे. जानेवारी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला ६.७ चा धक्का बसला, तोही पहाटेच, आणि तिथे साठेक माणसं गेली. फरक घरांचा होता. इकडची घरं माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन फूट, कुठे त्याहून जाड भिंती, आणि वर लाकडावर मातीचा जड थर. गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं आणखी माती पडत गेलेली. उन्हाळ्यात अशा घरात काय गारवा असतो, ते त्यात राहिलेल्यालाच माहीत. पण भिंत हलली की दगड सुटे होतात आणि माती पोकळी ठेवत नाही, नाकातोंडात जाते. सिमेंटच्या इमारतीत स्लॅबखाली थोडी तरी हवा उरते, इथे तीही नाही.

मग शोध कशाने घेतला? हाताने, फावड्याने, कान लावून. भूकंप कुठलाही असो, बहुतेक माणसं पहिल्या काही तासांत शेजारीच काढतात, कारण कोण कुठल्या खोलीत झोपतं हे त्यांनाच माहीत असतं. लातूर जिल्ह्यातल्या मंगरूळमध्ये पाचव्या दिवशी दीड वर्षांची मुलगी जिवंत निघाली, लोखंडी खाटेखाली. आईवडिलांनी आशा सोडली होती. निदान मृतदेह तरी काढून द्या, एवढंच ते सैन्याच्या लोकांना म्हणाले होते.

आणि इथे मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते. श्वासावरून माणूस ओळखणारं यंत्र तेव्हा जगात होतं हो! मायक्रोवेव्ह लहरींनी श्वास मोजायचे प्रयोग १९७५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या कुन-मू चेन यांच्या गटाने १९८६ मध्ये दहा गिगाहर्ट्झचं 'जीवशोधक' यंत्र मांडलं. छाती श्वासागणिक काही मिलिमीटर वर-खाली होते, परत येणाऱ्या लहरीत तेवढा बदल दिसतो. पुढे ढिगाऱ्यातून आरपार जायला त्यांनी बरीच कमी वारंवारता वापरली. त्यावरचा त्यांचा भूकंपासाठीचा मोठा निबंध आला २००० मध्ये. आणि नेपाळच्या २०१५ च्या भूकंपात चौतारा गावी नासाच्या 'फाइंडर' या यंत्राने हृदयाच्या ठोक्यांवरून चार माणसं हुडकली.

आज तेच तत्त्व मिलिमीटर वेव्ह रडार म्हणून, हजार-दोन हजार रुपयांत, कुरिअरने घरी येतं. वाचत बसलेला, झोपलेला माणूस त्याला कळतो. त्यामुळे बेडरूमसाठी माझं मत त्यालाच. दिवा लावायला पीआयआर, कारण तो चटकन जागा होतो, आणि लावलेला ठेवायला रडार. कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरच्या नादी लागू नका, आपल्या उघड्या खिडक्यांपुढे त्याचं काही चालत नाही. आणि रडार पंख्याच्या समोर लावू नका, नाहीतर रिकाम्या खोलीत दिवसभर कोणीतरी 'असतं'. पातळ पार्टिशन असेल तर पलीकडच्या खोलीतला माणूसही तो इकडे मोजतो, तेव्हा त्याचं अंतर आधी कमी करून घ्या. सास्तूरच्या दोन फुटी दगडी भिंतीपुढे मात्र हे २४ किंवा ६० गिगाहर्ट्झवालं खेळणं आंधळंच ठरलं असतं. एवढ्या आखूड लहरी ओल्या मातीत आणि दगडात शिरतच नाहीत.