डोंगरावरचे दिवे

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर एक जुना रुपया असतो. वर्षभर तो मखमलीच्या लहानशा पिशवीत झोपलेला असतो आणि आश्विनातल्या अमावास्येला एका संध्याकाळपुरता बाहेर येतो. आजी त्याला रांगोळीने घासून लख्ख करी, दुधाने न्हाऊ घाली आणि मग ताम्हनात ठेवी. अंगावर फारसी अक्षरे. औरंगजेबाच्या अमदानीत सुरतेच्या टांकसाळीत पडलेला तो रुपया. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजोबांना विचारले होते, "आजोबा, ही चांदी कुठल्या खाणीतली हो?" ते म्हणाले, "लक्ष्मी कुठून आली ते विचारू नये रे बाबा. आली की पाट मांडावा."

उत्तर झकास होते, पण मला पुरले नाही. पुढे शिकताना कळले, की आपल्या देशात चांदीच्या खाणी म्हणाव्या तशा नव्हत्याच. आपले कापड, नीळ, मिरी न्यायला जो परदेशी येई, त्याच्यापाशी आपल्याला हवासा वाटणारा माल फारसा नसे. तो चांदीच मोजी. सुरतेला स्पॅनिश रेयाल उतरत, सराफ त्यांचा कस लावीत, टांकसाळीत ते मुशीत पडत आणि बादशहाचे नाव धारण करून बाहेर येत. त्या रेयालांचा माग काढीत गेले, की माणूस दोन महासागर ओलांडून आजच्या बोलिव्हियातल्या एका उघड्याबोडक्या, तांबूस डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पोचतो. त्या गावाचे नाव पोतोसी.

मी तिथे गेलेलो नाही. माझा प्रवास पुस्तकांतला. पण गावाची उंची ध्यानात यावी म्हणून सांगतो. आपल्या कळसुबाईवर दुसरी कळसुबाई ठेवावी, तिच्यावर आणखी अर्धी ठेवावी, तेव्हा कुठे पोतोसीची वेस लागेल. झाड नाही, पीक नाही, वारा मात्र अष्टौप्रहर. अशा ठिकाणी 1545 मध्ये चांदीची शीर सापडली आणि बघता बघता शहर उभे राहिले. 1611 च्या सुमारास वस्ती 1,60,000 च्या घरात गेली होती. त्या काळच्या लंडनच्या पंक्तीला बसावे एवढी! स्पेनमध्ये अमाप मोलाच्या वस्तूला 'पोतोसीच्या मोलाची' म्हणू लागले. सेरव्हांटिसच्या डॉन किहोतेच्या तोंडीही या खाणींचे नाव आहे.

पण मला त्या वैभवापेक्षा त्याच्या आधीची पंचवीस वर्षे अधिक ओढ लावतात. चांदी सापडली खरी, पण ती दगडातून वेगळी करण्याची विद्या स्पॅनिश लोकांपाशी नव्हती. त्या उंचीवर त्यांचे भाते चालेनात. ती विद्या होती तिथल्या केचुआ आणि आयमारा लोकांपाशी. ते मातीची कमरेएवढी भट्टी करीत, तिला चहूबाजूंनी भोके ठेवीत आणि ती डोंगराच्या उतारावर, जिथे वारा नेमका लागेल तिथे मांडीत. भाता नको, काही नको; वाराच विस्तव फुंकी. तिचे नाव ग्वायरा, म्हणजेच वारा. धनी स्पॅनिश, पण खनिज हाती लागे ते या भट्टीवाल्यांच्या. आपला वाटा ठेवून ते चांदी परत करीत. त्यांच्या बायका बाजारात खनिजाचे ढीग मांडून बसत. लुईस कापोचे नावाच्या खाणमालकाने 1585 मध्ये लिहून ठेवले आहे, की एके काळी अशा सहा हजारांहून अधिक भट्ट्या त्या डोंगरावर होत्या. सिएसा दे लेओन हा बखरकार 1549 मध्ये तिथे होता. रात्री डोंगरावर इतके विस्तव दिसत, की त्याला जणू रोषणाईच केल्यासारखे वाटले. ते वाचले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपली दिवाळीच उभी राहिली. सहा हजार पणत्या, आणि प्रत्येक पणतीपाशी आपला धंदा जाणणारा एक माणूस!

त्या विझल्या त्या पाऱ्यामुळे. वरवरचे उत्तम खनिज संपत आले होते. तेवढ्यात पेरूमधल्या वान्काव्हेलिकाला पाऱ्याची खाण लागली. कुटलेल्या हलक्या खनिजात पारा कालवला, की चांदी त्याला चिकटते. मग उष्णता देऊन पारा उडवायचा. यासाठी पाणचक्क्या हव्यात, त्यांच्यासाठी तलाव हवेत, म्हणजे भांडवल हवे. ते भट्टीवाल्यापाशी कोठून असणार? 1570 नंतर कारागिराच्या हातातली विद्या गिरणीवाल्याच्या हातात गेली आणि कारागीर उरला तो ओझे वाहण्यापुरता. पाऱ्याच्या वाफा कोणाच्या छातीत गेल्या, हे सांगायला नकोच.

आणि तेही ओझे वाहायला माणसे पुरेनात, तेव्हा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने 'मिता' बसवली. मिता म्हणजे पाळी. इंका राजांच्या वेळीही लोक पाळीने राज्याची कामे करीत. तोलेदोने जुने नाव ठेवले आणि आत वेठ भरली. (राज्यकर्त्यांची ही युक्ती कुठल्याच देशात नवी नाही.) सोळा-सतरा प्रांतांतून दर सात कर्त्या पुरुषांमागे एक, असे दरसाल सुमारे 13,500 पुरुष पोतोसीला यायचे. मजुरी होती, पण मेणबत्तीपासून सारे महाग. अकोस्ता या जेझुइट पाद्र्याने 1590 च्या आपल्या ग्रंथात हे मजूर रंगवले आहेत: पाठीवर सुमारे पन्नास रत्तल खनिज, चामड्याच्या दोरांची शिडी आणि पुढच्याच्या अंगठ्याला बांधलेली मेणबत्ती. दोन्ही हात शिडीला हवेत ना! तितिकाका सरोवराकाठच्या चुकुइतो प्रांतातून पाळीची माणसे निघत, तेव्हा बायकामुले आणि लामांचे कळप घेऊन अवघे सात हजारांचे बिऱ्हाड निघे. वाट दोन महिन्यांची. परतत ती फार थोडी. सारीच मरत असे नव्हे. कित्येक परतीची वाटच सोडून परक्या मुलखात जाऊन राहत, कारण गावी गेले की पुन्हा पाळी. या डोंगराने ऐंशी लाख माणसे गिळली असे म्हणतात. इतिहासकारांना तो आकडा फुगवलेला वाटतो, मलाही वाटतो. पण आकडा कमी केल्याने त्या शिडीची उंची काही कमी होत नाही.

आता नवल पाहा. ज्या डोंगराने छळले, त्याच्याशी या लोकांनी नाते मात्र सोडले नाही. पोतोसीच्या जुन्या टांकसाळीत आज संग्रहालय आहे. तिथे अठराव्या शतकातले एक चित्र आहे. चित्रकाराचे नाव कोणालाच ठाऊक नाही. मी त्याची प्रतिकृती पाहिली आहे. त्यात मेरी माता आहे, पण तिचा झगा म्हणजेच तो डोंगर! वर तिचा चेहरा, बाजूंना दोन तळहात, आणि झग्याच्या घोळावर वाटा, लामा, चिमुकली माणसे. पायाशी पोप आणि राजा. पाद्री त्यात देवाची आई पाहत असतील. तिथली माणसे आपली भूमाता पाचामामा पाहत असावीत. आपल्याकडे शेंदूर फासलेल्या दगडाचे नाव बदलते, नवस बदलत नाही, तसलाच हा प्रकार. सान लोरेन्सोच्या देवळाच्या दारावर 1744 पर्यंत चाललेले कोरीवकाम आहे. त्यात सूर्यचंद्राखाली जलकन्या तंतुवाद्य छेडीत बसल्या आहेत. आणि खाणीच्या पोटात शिंगे असलेला 'तिओ', म्हणजे काका! जमिनीखाली राज्य त्याचे. खाणकामगार आजही त्याच्यापुढे कोकाची पाने ठेवतात, दारू शिंपडतात, तोंडात पेटती सिगारेट देतात.

मिता संपली ती 1825 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा. त्याच साली सिमोन बोलिव्हार स्वतः डोंगराच्या माथ्यावर चढला. 2011 मध्ये त्याच माथ्याचा भाग खचून खड्डा पडला. आत पाच शतकांची बिळे. तरी पोटासाठी माणसे अजून आत जातातच.

मधल्या काळात चांदी चालली होती. लामांच्या पाठीवर अरिकाला, जहाजाने पनामाला, खेचरांवरून पलीकडच्या किनाऱ्याला, तिथून सेव्हिल, ॲम्स्टरडॅम, लंडन आणि अखेर सुरत. 1664 मध्ये शिवाजीमहाराजांनी सुरत लुटली, तेव्हा सराफांच्या तिजोऱ्यांतून निघालेल्या चांदीत पोतोसीचाही वाटा असला पाहिजे, असे माझे मन म्हणते. आमच्या रुपयात तिचा कण आहे, असे शपथेवर नाही सांगता येणार. मेक्सिकोची चांदीही त्याच वाटेने येई. मुशीत पडले की चांदीला गाव राहत नाही.

गेल्या दिवाळीत रुपया घासण्याचे काम नातवाकडे होते. त्याने घासता घासता तोच प्रश्न विचारला. मी म्हटले, "बस इथे. एक डोंगर होता, आणि त्याच्यावर सहा हजार दिवे होते." सूनबाई फराळाची ताटे घेऊन आली, तेव्हा आम्ही अजून पाऱ्यापर्यंतही पोचलो नव्हतो.