तळ्याचा आकार, नगराचा आकार : चेन्नईचे टी. नगर

मुंबईत ‘धोबी तलाव’ला उतरलात तर तलाव दिसत नाही. तो बुजला, नाव उरले. चेन्नईच्या टी. नगरात असेच एक मोठे तळे लपले आहे. माणूस भूमीला आकार देतो तेव्हा भूमीचा मूळ आकार कुठे जातो, हा या टिपणाचा प्रश्न आहे.

१. पहिला आकार : बांध

तमिळ प्रदेशात शेतीच्या तळ्याला ‘एरी’ म्हणतात. सपाट पण किंचित उतार असलेल्या जमिनीवर उताराच्या बाजूने चंद्रकोरीसारखा मातीचा बांध घालायचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस अडवायचा, अशी ही रचना. कोरीचा आकार शोभेसाठी नव्हता. पाणी ज्या बाजूला वाहते तेवढीच बाजू अडवली की कमी मातीत जास्त पाणी साठते. मद्रासच्या पश्चिमेला असे एक ‘लांब तळे’ होते, मांबलम गावाला लागून.

२. दुसरा आकार : आराखडा

शहर वाढले, घरांसाठी जागा हवी झाली. 1920 मध्ये मद्रासचा नगररचना कायदा झाला (मुंबई इलाख्याचा 1915 चा). त्याच दशकात तळ्यातील पाणी काढून तेथे नवी वसाहत आखली गेली. मध्यभागी पनगल पार्क आणि त्याच्याकडे येणारे रुंद रस्ते. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती पाहिली असेल, तर ही कल्पना तुम्हाला ओळखीची वाटेल.

३. तिसरा आकार : नावे

‘टी.’ म्हणजे त्यागराय. संगीतकार त्यागराजांशी याचा संबंध नाही. सर पिट्टी त्यागराय चेट्टी हे 1916 साली स्थापन झालेल्या जस्टिस पक्षाचे नेते. पनगलचे राजे हे याच पक्षाचे मुख्यमंत्री (1921–26). उस्मान रोड, डॉ. नायर रोड, नटेसन पार्क ही नावेही याच पक्षाच्या माणसांची. म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीने सत्ता मिळताच शहराच्या नकाशावर आपली स्मृती कोरली. महाराष्ट्रातील सत्यशोधक परंपरा वाचताना ही तुलना ध्यानात ठेवा.

४. पाण्याची आठवण

आज येथे साड्या आणि सोन्याची गर्दी आहे. 2019 मध्ये पाँडी बाजारचा रस्ता पादचाऱ्यांसाठी नव्याने घडवला गेला. पण नोव्हेंबर 2021 च्या पावसात याच भागातील रस्त्यांवर पाणी तुंबले. एकट्या जुन्या तळ्याला दोष देणे चूक ठरेल. गटारे, अरुंद झालेला मांबलम कालवा आणि काँक्रीटने झाकलेली जमीन ही कारणेही आहेत. तरी सखल जागा सखलच राहते. बांध मोडला, पाणी काढले, पण उतार बदलला नाही. पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ आहे. त्यावरून आता तळे दिसत नाही.

यावरून इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट घ्यावी : जागेचा आकार हाही पुरावा आहे. कागदपत्रे हरवतात, वळणदार रस्ता, गल्लीचे नाव आणि पावसात साचणारे पाणी मात्र साक्ष देत राहतात.

स्वाध्याय : तुमच्या गावातील ‘तळे’, ‘बांध’, ‘वेस’ किंवा ‘ओढा’ हा शब्द असलेली तीन ठिकाणे शोधा. त्या नावाची वस्तू आज तेथे आहे का? नसेल, तर ती हटवून कोणाचा फायदा झाला आणि पावसाळ्यात त्याची किंमत कोण मोजतो, ते लिहा.