घरातले जाळे आणि गावाबाहेरची तार

भंडारा जिल्ह्यातील करडी येथे एका शिक्षकमित्राच्या घरी आम्ही ऐन पावसाळ्यात मुक्कामाला होतो. घरात दोन संगणक. एक बैठकीत, त्याला प्रिंटर जोडलेला. दुसरा मुलीच्या खोलीत. वादळात गावाबाहेर कुठेतरी तार तुटली होती आणि दोन दिवस इंटरनेट बंद होते. मुलीला शाळेच्या प्रकल्पाची चार पाने छापायची होती आणि पेनड्राइव्ह सापडत नव्हता. ‘‘नेटच नाही काका, बाबांच्या संगणकावर पाठवू कशी?’’ असा तिचा प्रश्न होता.

एरवी ती अशी पाने मोबाइलच्या संदेशासारखी पाठवीत असे. म्हणजे ती पाने गावाबाहेर पडून दूरच्या एखाद्या मोठ्या संगणकापर्यंत जात आणि तिथून परत फिरून शेजारच्या खोलीत येत! आम्ही तिला कोपऱ्यातल्या राउटरकडे पाहायला सांगितले. इंटरनेटचा दिवा लाल होता, पण वायफायचा हिरवाच होता. बाहेरची तार तुटली तरी घरातले जाळे शाबूत होते. बैठकीतल्या संगणकावर ‘प्रिंटर इतरांना वापरू द्या’ अशा अर्थाची खूण केली, मुलीच्या संगणकावर तो प्रिंटर जोडून घेतला, आणि चार पाने छापून निघाली.

‘नेट’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक घरातले किंवा शाळेतले छोटे जाळे, आणि दुसरे अशी असंख्य जाळी एकमेकांना जोडणारे इंटरनेट. छोटे जाळे जन्मले तेच मुळी शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरसाठी. ती हकिगत थोडी मागे जाऊन पाहू या.

हवाई बेटांवरील विद्यापीठाचा मोठा संगणक एका बेटावर होता, आणि त्याचा उपयोग इतर बेटांवरूनही व्हावा अशी इच्छा होती. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओलहरींवर चालणारे ‘अलोहानेट’ सुरू केले. लहरी सर्वांसाठी एकच, मग कोणी केव्हा बोलायचे? अब्रॅमसन यांचा नियम सोपा होता. माहिती असेल तेव्हा पाठवा. पोच आली नाही तर कोणाशी तरी टक्कर झाली असे समजा आणि थोडे थांबून पुन्हा पाठवा. नियम सोपा, पण उधळा. गर्दी झाली की टकरीच फार होत, आणि मार्गाच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोगी पडे.

याच सुमारास कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात वेगळीच अडचण होती. तिथे प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक येऊ घातला होता, पण नवा लेझर प्रिंटर प्रत्येकाला देणे शक्य नव्हते. सगळे संगणक त्या प्रिंटरला जोडण्याचे काम रॉबर्ट मेटकाफ यांच्याकडे आले. त्यांनी अब्रॅमसन यांचा निबंध वाचला होता. २२ मे १९७३ च्या टिपणात त्यांनी आपल्या योजनेला ‘ईथरनेट’ हे नाव दिले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. वेग होता सेकंदाला सुमारे तीस लाख बिट.

मेटकाफ यांनी नियमात सुधारणा केली. बोलण्यापूर्वी ऐका. तार मोकळी असेल तरच बोला. बोलतानाही ऐकत राहा. टक्कर झाली तर लगेच गप्प बसा आणि मनाला येईल तितका वेळ थांबा. दोघेही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेलीच. हे वर्गात करून पाहता येते. दोन मुलांना एकदम बोलायला सांगा. टक्कर झाली की दोघांनी फासा टाकायचा आणि पडेल तितके आकडे मनात मोजून बोलायचे. मुख्य म्हणजे, येथे पाळी ठरवणारा कोणी मुकादम लागत नाही.

१९८३ मध्ये ईथरनेटचे अधिकृत मानक ठरले. त्या काळी सर्व संगणक एकाच जाड केबलवर ओळीने जोडत. आम्ही विद्यार्थी असताना अशाच पद्धतीचे, पण पातळ केबलचे जाळे एका प्रयोगशाळेत उरले होते. एकदा सबंध जाळे बंद पडले. कारण काय, तर केबलच्या टोकाला बसवलेला ५० ओहमचा रोध कोणीतरी काढून ठेवला होता! भिंतीला बांधलेल्या दोरीवरची लाट जशी उलटून येते, तसे संकेत उघड्या टोकावरून परतत आणि नव्या संकेतांत मिसळत. १९९० मध्ये टेलिफोनसारख्या पीळदार तारांचे मानक आले. प्रत्येक संगणकाची तार मध्यवर्ती पेटीकडे जाऊ लागली. एक तार तुटली तर एकच संगणक गप्प होई.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. जगात तेव्हा पत्त्यांचा प्रश्न होता. त्या वेळच्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते शक्य होते. १९९६ मध्ये काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. प्रत्येक घरात एक ‘दादा’ असतो, घरात तेवढी हाक पुरते. पण पाकिटावर नुसते ‘दादा’ लिहून पत्र पोचणार नाही. बाहेरचे पत्र स्वीकारून ते योग्य दादाला देण्याचे काम राउटर करतो. १९९७ मध्ये वायफायचे पहिले मानक आले आणि जाळे तारेवरून पुन्हा रेडिओलहरींवर गेले. ऐकून बोलण्याचा आणि थोडे थांबण्याचा नियम तिथे आजही चालतो.

आपल्याकडचे एक उदाहरण बोलके आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत संगणककेंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्यांना हवी असे ती प्रामुख्याने उसाच्या वजनाची आणि हिशेबाची माहिती. ती जगाच्या पलीकडे नव्हे, त्यांच्याच साखर कारखान्यात होती. पुढे काही गावांत तीच माहिती मोबाइलच्या लघुसंदेशाने देऊन पाहिली गेली आणि तेवढ्याने काम भागले.

करडीसारख्या गावातल्या शाळेनेही हा हिशेब करावा. धडे, चित्रे, प्रश्नपत्रिका एका संगणकावर साठवून तो फोल्डर सांकेतिक शब्दासह इतरांना खुला केला, तर वीज आहे तोवर बाहेरची तार तुटली म्हणून तास अडणार नाही. एकदा मुद्दाम राउटरची बाहेरची तार काढा आणि काय चालते, काय थांबते, याची यादी मुलांकडून करून घ्या. करडीच्या त्या मुलीने केलेल्या यादीत ‘चालते’ या बाजूला पहिले नाव प्रिंटरचे होते.