जन्म-मरणाची वही

खानदेशातल्या शेतकरी घरात पणजोबांचं नाव कोणीही सांगतं. पणजी कुठल्या गावची, हे मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असतं. 2023 साली मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कचेऱ्यांतली जुनी बासनं सुटली. त्यात लोक शोधत होते ती एक वही म्हणजे कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदीचा जुना गाव नमुना 14. आज त्याच क्रमांकाच्या नमुन्यात गावच्या पाण्याच्या साधनांची नोंद असते.

ही वही वंशावळीसाठी जन्मलीच नव्हती. एकोणिसाव्या शतकात पटकी आणि देवीच्या साथी गावंच्या गावं झोडपत. इंग्रज सरकारच्या आरोग्य खात्याला मेलेल्यांचे आकडे हवे होते. गावच्या कोतवालाने खबर आणायची, ती वहीत चढायची, बेरीज तालुक्याला जायची. लिपी बहुधा मोडी. बारशाआधीच खबर पोचल्यामुळे अनेक बाळांना नाव नाही. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढंच. मृत्यूच्या बाजूला वय आणि कारण: ताप, हगवण, पटकी, पुढे प्लेग. वही शोधताना हेही लक्षात असावं: 1906 साली पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले. त्याआधी दोन्हीकडचा जिल्हा एकच, ठाणं धुळे.

कुणबी प्रमाणपत्रासाठी वही उघडणारा जातीचा रकाना पाहतो आणि पान उलटतो. मला ते बोचतं. 1899-1900 च्या दुष्काळाची, त्याच सुमाराच्या प्लेगची, 1918 च्या इन्फ्लुएंझाची पानं सावकाश वाचावीत. एकाच बापाचं नाव आठवड्यात दोनदा आलं, तर एका घरातून दोन लेकरं गेलेली असू शकतात. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्या जागेवर ना दगड, ना नाव. ते लेकरू जगात येऊन गेलं याचा पुरावा म्हणजे कोतवालाने आणलेली ती एक ओळ.

लग्नाला मात्र या वहीत जागाच नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. 1880 साली, नागपंचमीला, असोद्याच्या महाजनांच्या घरी जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींकडे लग्न, तिशीत वैधव्य, ओंकार या मुलाला प्लेगने आलेलं कायमचं अपंगत्व. हे सगळं आपल्याला कळतं, कारण 1952 साली त्यांची गाणी छापली गेली आणि लोकांनी त्यांची चौकशी केली. त्यांच्याच वयाच्या इतर मुली माहेरच्या वहीत एका बेनाव जन्माच्या ओळीत राहिल्या आणि सासरच्या वहीत थेट मृत्यूच्या. मधला धागा जोडायला लग्न हवं, आणि जातपडताळणीची वंशावळही बापाकडूनच चढते.

तो धागा काही घरांत त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतो. गाव आणि आडनाव सांगितलं की पान निघतं. बाकी घरांत तो म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहे. कुणाची लेक कुठे दिली, कोण बाळंतपणात गेली, दुसरी कुठून आणली, हे त्यांना पाठ असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरली जाते, त्याच वेळी सासुरवाशिणी माहेरी येतात आणि आत्या, मावशा, आज्या एका घरात भेटतात. कोतवाल बुकातल्या तारखा आधी कागदावर उतरवून त्यांच्यापुढे बसावं. पणजीचं माहेर त्यांनाच विचारावं लागेल, आणि त्या आहेत तोवरच.