इंजिनाचा खोकला आणि पिवळा दिवा

गाडी ‘मिसिंग मारते’ म्हटले की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात ते समजते. चार सिलिंडरांपैकी एखाद्यात पेट्रोल नीट पेटत नाही, इंजीन लंगडू लागते, सिग्नलला उभ्या गाडीचे स्टिअरिंगही थरथरते. मोटार मेकॅनिकचे काम मी बरीच वर्षे शिकवले. तेव्हा या आजाराची परीक्षा सोपी होती. चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. निरोगी सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचा आवाज पडतो. जिची वायर काढूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. मग डेलकोतले पॉइंट घासायचे, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ करायचा. सगळा कारभार कानांवर आणि बोटांवर चाले. अधूनमधून विजेचा झटका बसे, पण तो शिक्षणाचाच भाग मानला जाई.

हे काम कानाकडून कॉम्प्युटरकडे गेले, त्याची सुरुवात मात्र गॅरेजात झाली नाही. ती झाली लॉस एंजेलिसच्या हवेत. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर डोळ्यांना झोंबणारे इतके दाट धुरके उतरले की, युद्धाचे दिवस असल्यामुळे लोकांना तो शत्रूचा विषारी वायूच वाटला. पुढे १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने कोडे सोडवले. हा गृहस्थ तोवर अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होता! मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की हे धुरके तयार होते, असे त्याने दाखवून दिले. म्हणजे मिसिंग मारणारी, न जळलेले पेट्रोल बाहेर टाकणारी गाडी ही आता एकट्या मालकाची डोकेदुखी राहिली नाही.

१९७० च्या अमेरिकी कायद्याने नव्या मोटारींचे प्रदूषण काही वर्षांत ९० टक्क्यांनी घटवायला सांगितले. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यासाठी हवा होता आणि तो नीट चालायला पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे सुमारे १४.७ भाग, असे नेमके मिश्रण लागते. कार्ब्युरेटरला ते साधेना. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्येच फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक पेट्रोल फवारणी आणली होती. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला आणि इंजिनाला स्वतःचा धूर हुंगता येऊ लागला. धुरात ऑक्सिजन जास्त असेल तर पेट्रोल वाढवायचे, कमी असेल तर घटवायचे.

१९८१ पासून जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या गाड्यांत हा कॉम्प्युटर सर्रास बसू लागला. सॉकेटच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडला की डॅशबोर्डवरचा दिवा तारायंत्रासारखा लुकलुके. एकदा, थोडे थांबून दोनदा, म्हणजे कोड १२. मेकॅनिकने कागदावर टिपून घ्यायचे. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, सॉकेट वेगळे. १९९६ पासून मात्र अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना १६ पिनांचे एकच सॉकेट आणि सामाईक कोड सक्तीचे झाले. एक ठिणगी चुकली की क्रँकशाफ्ट क्षणभर किंचित मंदावतो. कॉम्प्युटर तेवढेही मोजतो आणि पिवळा दिवा लावतो. तो दिवा लावायला कायद्याने सांगितले ते हवेसाठी. मेकॅनिकची सोय झाली, ती ओघाने.

आपल्याकडे १९९९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्ली परिसरात युरो नियम लागू झाले आणि मोटारींच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे दिसू लागली. स्वतःचे निदान करणारी यंत्रणा २०१० पासून भारत स्टेज चारच्या मोटारींत आली. २०२० मध्ये स्टेज सहाने दुचाकींचेही कार्ब्युरेटर बहुतेक संपवले.

आता स्कॅनर लावला की नाव-गाव कळते, असा लोकांचा समज आहे. तसे नाही. समजा, व्हॅक्यूमची रबरी नळी चिरली. तिथून चोरून हवा आत शिरते. सेन्सरला धुरात ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत नेतो, त्याची मर्यादा संपते आणि कोड येतो पी ०१७१: मिश्रण पातळ. घाईचा मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर बदलतो. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात, गाडी लंगडतेच. बिचाऱ्या सेन्सरने तर खरे तेच सांगितले होते! जाणता माणूस स्कॅनरवर पेट्रोलची दुरुस्ती किती टक्के चालली आहे ते पाहतो. ती उभ्या गाडीत जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर संशय नळीवर. भार पडल्यावर वाढत असेल, तर पंप आणि फिल्टर तपासायचा. तसेच पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. तिथली कॉइल तिसऱ्या सिलिंडरवर लावून पाहावी. कोड पी ०३०३ झाला तर दोष कॉइलचा. नाही झाला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन अशी तपासणी पुढे चालते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून टिकटिक ऐकणारे मेकॅनिक आजही आहेत, आणि ते अडाणी नव्हेत.

खरा झगडा वेगळाच आहे: ही भाषा कोणी वाचायची? अमेरिकेने १९९० मध्येच प्रदूषणाशी संबंधित दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळत नाहीत, असा ठपका होता. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. सामाईक कोड बाजारातला साधा स्कॅनरही वाचतो. पण कंपनीचा खास कोड असला किंवा कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम भरायचा असला, की तालुक्याच्या गावातला मेकॅनिक, सगळे कौशल्य हाताशी असूनही, गिऱ्हाइकाला सांगतो, “साहेब, गाडी शोरूमला न्या.”